हवेत कार्बन वाढला की पीक जोमात येतं म्हणे, मग ताटातलं सत्व कुठं जातंय?

येळ्ळूर_शिवार

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबडा आहे पण डोक्यातून जाईना म्हणून टाकतोय. आमचं बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात अडीच एकर भात आहे, एक एकर बासमती आणि उरलेलं इंद्रायणी, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, शेती बाबा बघतात, मी आपला रविवारचा आणि सुगीतला शेतकरी. गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, त्यात एक माणूस ठासून सांगतोय की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून घाबरायचं काही कारण नाही, तो झाडाचं जेवण आहे, पॉलिहाऊसवाले तर मुद्दाम सिलिंडर लावून सोडतात, जेवण वाढलं की पीक वाढणार आणि पीक वाढलं की माणूस धष्टपुष्ट होणार. बाबांना फार पटला. दोन दिवस जो भेटेल त्याला दाखवत होते.

मला अर्धा पटला. पटला अशासाठी की बांधावरचं काँग्रेस गवत बघा की वो, मी शाळेत होतो तेव्हा कंबरेला लागायचं, आता छातीला लागतंय आणि एकदा काढलं की पंधरा दिवसांत परत उभं. आई त्यात गवत काढायला उतरली की संध्याकाळी कोपरापर्यंत लाल चट्टे आणि रात्री धाप, उशी भिंतीला लावून बसून झोपते बिचारी.

आणि नाही पटला अशासाठी की बहीण बाळंतपणाला आलीय, सातवा महिना चालू आहे, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. डॉक्टरबाईंनी विचारलं काय खाता, आई मोठ्या अभिमानानं म्हणाली घरचा तांदूळ, तीन वेळ पोटभर भात, विकतचं काही नाही. बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. मला तिथंच कसंतरी झालं. शेतात भात उभं आहे, कणगी भरलेली आहे, पोरगी पोटभर जेवतेय आणि अंगात रक्त नाही, हे कसं काय?

तर विचारायचं हे की हा वाढलेला कार्बन खरंच झाडाला चांगला का, आणि झाडाला चांगला तर आपल्याला पण चांगलाच का? शेतीची पत्रकं येतात ती कानडीत, बाबांना अक्षर लागत नाही, म्हणून इथं विचारतोय, कुणी नीट समजावून सांगितलं तर त्यांना वाचून दाखवेन.

कृषीवाली_धारवाड

दादा, प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवून विचारलाय. मी धारवाडला कृषीला शिकले, माहेर कडोलीकडचं, त्यामुळं तुमचं शिवार डोळ्यासमोर आहे. सावकाश सांगते, वाचून दाखवायचंय म्हणालात म्हणून शब्द सोपे ठेवते.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊन घेऊन साखर आणि पिठूळ, म्हणजे स्टार्च, बनवतं हे खरंच आहे. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेत हा वायू दहा लाख भागांत २८० भाग होता, त्याला २८० पीपीएम म्हणायचं. १९५८ साली हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. उपग्रहाच्या फोटोंवरून २०१६ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात पृथ्वीवरचा बराच भाग आधीपेक्षा हिरवा झालेला दिसला आणि त्यातला मोठा वाटा या वायूचाच निघाला. म्हणजे झाडं जोमात येतात हे मान्य.

आता पुढचं अर्धं. घरी जेवायला अचानक चार पाहुणे आले की आपण काय करतो, आमटीत तांब्याभर पाणी वाढवतो. पातेलं भरलेलं दिसतं, सगळ्यांना वाटी मिळते, पण डाळ तेवढीच. भाताच्या दाण्यात तसंच होतं. कार्बन जास्त मिळाला की झाड पिठूळ जास्त बनवतं, पण मुळांनी मातीतून ओढलेलं झिंक, लोह, नत्र त्या मानानं वाढत नाही, मग दाण्यात ते पातळ होतं. दुसरं एक कारण आहे. पानाच्या खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं, त्यातून झाड हवा आत घेतं आणि पाण्याची वाफ बाहेर सोडतं. हवेत कार्बन भरपूर असला की तोंड पूर्ण उघडायची गरज उरत नाही, झाड ते अर्धवट मिटून घेतं, वाफ कमी जाते, म्हणून मुळाकडून पाणी कमी ओढलं जातं आणि त्या पाण्याबरोबर विरघळून येणारी खनिजं पण कमी येतात. पाणी वाचतं ही त्यातली चांगली बाजू, ती पण सांगायला पाहिजे. आणि प्रथिनांचं म्हणाल तर पानातलं सगळ्यात मोठं प्रथिन हे कार्बन पकडायच्याच कामाचं असतं, कार्बन स्वस्त झाला की झाड ते कमी बनवतं, त्यामुळं दाण्याकडं जाणारं नत्र, म्हणजे प्रथिनांचा कच्चा माल, तोही घटतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. उघड्या शेतात पाइपांचं गोल रिंगण करून आतल्या पिकावर वायू सोडतात, साधारण ५५० ते ५९० पीपीएमपर्यंत नेतात आणि बाजूच्या साध्या पिकाशी दाणा तपासून बघतात. २०१४ साली सॅम्युएल मायर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा हिशोब एकत्र केला, गव्हात झिंक ९.३ टक्के आणि लोह ५.१ टक्के कमी निघालं. २०१८ मध्ये चीन आणि जपानमधल्या शेतात १८ जातींच्या भातावर बघितलं तर प्रथिनं १०.३ टक्के, लोह ८ टक्के, झिंक ५.१ टक्के कमी, आणि बी गटातली जीवनसत्त्वं तर आणखी, बी-१ हे १७ टक्के आणि फोलेट म्हणजे बी-९ हे ३० टक्के कमी. फोलेट हे गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी लागतं, दादा, म्हणून तो आकडा मी कधी विसरत नाही.

पण तुमच्या बहिणीचं ८.२ या वायूमुळं झालं असं मी म्हणणार नाही. ते प्रयोग पुढच्या हवेचे आहेत, आज शाळेत जाणारी पोरं हयात असतानाच येईल अशा हवेचे. तिच्या आजच्या अशक्तपणाची कारणं जास्त जुनी आहेत, त्यात ताटात नुसता भात असणं हे मोठं. माझी काळजी वेगळी आहे. ज्यांच्या ताटात आधीच काठावर आहे त्यांच्याच ताटातून हे पाच-दहा टक्के जाणार आहेत.

गिरणवाला_शहापूर

ताईंचं सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण एक बोलू काय. मी भाताच्या गिरणीत २२ वर्षं काढलीत. तुम्ही पाच टक्के, आठ टक्के म्हणताय, अहो त्यापेक्षा जास्त सत्व माझ्या डोळ्यासमोर रोज कोंड्याच्या पोत्यात जातंय. गिऱ्हाईक येतं, मूठभर तांदूळ तळहातावर घेतं, उजेडाकडं करतं आणि म्हणतं आणखी एक पॉलिश मार, पांढरा दिसत नाही. मी म्हणतो अहो पुरे, लाली राहू दे जरा, तर म्हणतात पाहुण्यांना काय लाल भात वाढू. मग दुसरा हात मारला की तो तपकिरी पापुद्रा सगळा जातो, खालच्या पोत्यात गरम कोंडा पडतो, त्याला असा गोडसर वास असतो की हात घालून नाकाला लावावा वाटतो. तो कोंडा म्हशी खातात नाहीतर तेलाच्या कारखान्याला जातो. बी-१ त्यातच असतं ना, मग आपण आपल्या हातानं काढून टाकतोय आणि दोष हवेला देतोय असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे जात. आमचे आजोबा जे भात लावायचे ते पुरुषभर उंच, एकरी पोती कमी पण वाटीभर भात खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही. आता पोती दुप्पट आणि भूक दोन तासांनी. हा हायब्रीडचा आणि युरियाचा गुण आहे का कार्बनचा, हे वेगळं काढून कोण सांगणार?

कृषीवाली_धारवाड

अण्णा, पॉलिशचं तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के खरं आणि मी ते आधी लिहायला पाहिजे होतं. पांढऱ्या पॉलिश तांदळात १०० ग्रॅममागं लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं. येळ्ळूरच्या दादांनी आजपासून एक काम करायचं असेल तर ते हेच, गिरणीत एकच हात मारून आणायचा.

जातीचं पण खरं आहे. बंगालच्या बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालयातल्या लोकांनी जुन्या नव्या जाती एकाच वेळी लावून दाणे तपासले. १९६० च्या दशकातल्या भाताच्या जातीत किलोला झिंक २७.१ मिलिग्रॅम आणि लोह ५९.८ होतं, २००० नंतरच्या जातीत ते २०.६ आणि ४३.१ वर आलं. इथं हवा तीच, माती तीच, फरक फक्त जातीचा. म्हणजे आजोबांच्या भाताची गोष्ट ही नुसती आठवण नव्हे.

पण अण्णा, वेगळं काढून कोण सांगणार म्हणालात, तर ते रिंगणाचे प्रयोग त्यासाठीच असतात. आत आणि बाहेर जात तीच, खत तेच, पाणी तेच, फक्त वायू वेगळा. त्यामुळं तो तोटा वायूचाच. जातीनं आधी गेलं, गिरणीत परत गेलं आणि आता हवा उरलेल्यातलं नेणार. तिन्ही एकाच्या खाली एक मांडून वजाबाकी करायची आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, तिसरी एकट्या येळ्ळूरच्या हातात नाही. म्हणूनच मला तिसरीची जास्त धास्ती वाटते. २०१८ साली हार्वर्डच्या दोघांनी देशादेशांचा हिशोब मांडला होता की हवा ५५० पीपीएमवर गेली तर २०५० च्या सुमाराला जगात आणखी १७.५ कोटी लोकांना झिंक कमी पडेल, त्यात सगळ्यात जास्त आपल्या देशातले, सुमारे ५ कोटी. कारण आपण पोट भाता-गव्हावर भरतो.

जांबोटी_मळेकरी

नमस्कार. माझं वय झालंय, नातू टाइप करून देतोय, मी सांगुलोय. आमच्या भागात पाऊस म्हणजे कणकुंबीचा पाऊस, तिथंच मलप्रभा उगम पावते, आम्हाला पाण्याची वाण कधी नव्हती. पण २०१९ च्या ऑगस्टात जो पडला त्यानं बांध धुऊन नेले आणि २०२३ ला तोच पाऊस असा रुसला की धूळवाफ पेरणी केलेलं भात उगवून पिवळं पडलं. व्हिडिओवाल्या गड्याला हे कोण सांगणार. जेवण वाढलं म्हणतोय, पण ताटावर बसायला जागा तर पाहिजे. भात फुलोऱ्यात असताना दोन दिवस कडक ऊन पडलं की लोंबी वरनं भरलेली दिसते आणि हातात चोळली की पळिंज, आत दाणाच नाही.

मला मुद्दा नाचण्याचा सांगायचाय. माझ्या लहानपणी माळावर, डोंगराच्या उताराला नाचणाच असायचा. सकाळी आंबील, दुपारी भाकरी, रात्री तेवढा भात, तो पण सणासुदीला जास्त. भात हे श्रीमंताचं खाणं. मग रस्ते झाले, माळावर काजू आला, पैसा आला, नाचणा गेला. सुनांना नाचण्याचं रोप लावायला वाकायला नको वाटतं, त्यात त्यांची चूक नाही, पावसात दिवसभर वाकून ते काम करून बघावं. मी दहा गुंठे अजून लावतो. माझी म्हातारी आठ बाळंतपणं होऊनसुद्धा सत्तरीत डोक्यावरनं भारा आणायची. मी शिकलेला नाही, कारण काय ते ताईंनी सांगावं, पण भाताला जे होतंय ते नाचण्याला पण होतंय काय?

कृषीवाली_धारवाड

मामा, नातवाला सांगा तुम्ही अगदी नेमका प्रश्न विचारलाय. नाही होत, किंवा फार थोडं होतं. नाचणा, जोंधळा, मका, ऊस ही झाडं वेगळ्या तऱ्हेची. त्यांच्या पानात कार्बन गोळा करून दाटीनं ठेवायची जादा सोय असते, म्हणून त्यांना पूर्वीपासून तो पुरतच होता, हवेत वाढला तरी फार फरक पडत नाही. भात, गहू, सोयाबीन, शेंगा, बटाटा, रताळं, तंबाखू यांना ती सोय नाही, ती वाढतात पण आणि त्यांचा दाणा पातळ पण होतो. प्रयोगात मका आणि जोंधळ्याचं झिंक-लोह फारसं हललं नाही. कडधान्यांचं मधलंच, त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात म्हणून प्रथिनं टिकतात, झिंक आणि लोह मात्र थोडं उतरतं. म्हणजे येळ्ळूरची मसूर विकून टाकायची नाही, घरात ठेवायची.

नाचण्यात १०० ग्रॅमला कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि लोह साडेचारच्या पुढं. पांढऱ्या तांदळाशी तुलनाच नाही. फक्त नाचण्यातलं लोह अंगी लागायला तो भिजवून मोड आणावा नाहीतर आंबवावा, तुमच्या आंबिलीत ते आपोआप होतंय.

पळिंज का होतं ते पण सांगते. भाताचं फूल सकाळी एखादा तास-दोन तासच उघडतं. त्या वेळेला हवा ३५ अंशांच्या वर असली की पराग मरतो, दाणा धरतच नाही. आणि रात्रीची ऊब तर दिसतच नाही. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेनं बारा वर्षांचा हिशोब काढला होता, रात्रीचं तापमान १ अंश वाढलं की उन्हाळी भाताचं उत्पन्न सुमारे १० टक्के उतरत होतं. हाच वायू एका हातानं झाडाला खायला घालतो आणि दुसऱ्या हातानं अंगाखाली निखारे सारतो, हे व्हिडिओत नसतं.

सिस्टर_निपाणी

मी निपाणी भागात बारा वर्षं गावोगाव फिरून आरोग्याचं काम करते. येळ्ळूरच्या भाऊ, तुमच्या आईबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

ते चट्टे आणि धाप दोन्ही काँग्रेस गवताचं असू शकतं. आमच्याकडं तंबाखूत आणि उसाच्या सरीत काम करणाऱ्या बायकांत मी हे कायम बघते, आधी पापण्या सुजतात, मग मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला कातडी जाड होते, काळी पडते, खाजवून रक्त येतं. बाया म्हणतात उन्हानं झालं. त्या गवतात पार्थेनिन म्हणून विष असतं, पानावरच्या बारीक लवेत. पुण्यात १९५५ च्या सुमाराला हे गवत पहिल्यांदा दिसलं आणि आता बांध सोडून जागा नाही. तुम्ही म्हणता छातीला लागतंय, तो भास नव्हे. शास्त्रज्ञांनी जुन्या काळच्या हवेत आणि आत्ताच्या हवेत हे गवत शेजारी शेजारी वाढवून बघितलंय, जी जात जगभर पसरली तिच्यात आत्ताच्या हवेत पार्थेनिन जास्त तयार होतं. व्हिडिओतलं जेवण तणालाही मिळतंय ना!

परागाचं पण तसंच. अमेरिकेत काँग्रेस गवताचंच एक भावंड आहे, रॅगवीड म्हणतात, तिथल्या दम्याच्या पेशंटचा मोठा शत्रू. लुईस झिस्का नावाच्या शास्त्रज्ञानं २००० साली दाखवलं की २८० पीपीएमच्या हवेत एका झाडाला साडेपाच ग्रॅम पराग, ३७० ला दहा ग्रॅम, आणि ६०० ला वीस ग्रॅम. झाड एकच, पराग जवळजवळ चौपट. मी हा आकडा मीटिंगमध्ये सांगितला तेव्हा एक आशाताई म्हणाली, म्हणून आमच्या वाडीत दम्याचा पंप घेणारी पोरं वाढलीत काय. मी म्हटलं धूळ, चुलीचा धूर, उसाचा पाला जाळणं हे सगळं त्यात आहे गं, पण हे पण आहे.

आईला उघड्या हातानं उपटू देऊ नका. गवत फुलावर यायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, तोंडाला पंचा, आणि तेही आईनं नको, तुम्ही करा रविवारी. जाळायचं तर अजिबात नाही, धुरानं धाप वाढते. फूल नसलेलं असेल तर खड्ड्यात कुजवा, चांगलं खत होतं. बांधावर टाकळा वाढू दिला तर तो या गवताला दाबतो, शिवाय पावसाळ्यात भाजीला होतो. पानं खाणारे पांढऱ्यावर काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका, ते मुद्दाम मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडलेत, पावसात ते गवताची चाळण करतात. आणि धाप आहे तर एकदा छाती तपासून घ्याच, नुसत्या चट्ट्यांच्या मलमावर भागवू नका.

आता बहीण. ८.२ म्हणजे मध्यम ॲनिमिया, घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेला डोस किंवा इंजेक्शन आधी, खाणं त्याच्या जोडीला, खाण्यानं एकट्यानं सातव्या महिन्यात भरून येणार नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, पुढं-मागं तासभर चहा नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चालते. ही एकटी तुमच्या घरची गोष्ट नाही, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या जवळजवळ ४८ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता.

आणि एक विचारते, रेशनचा तांदूळ घरी घेताय का? घेत असाल तर त्यातले ते वेगळे दिसणारे दाणे आई वेचून टाकते काय?

येळ्ळूर_शिवार

सिस्टर, तुम्ही घरात येऊन बघितलं काय! आई सूप घेऊन दारात बसते आणि ते पिवळसर दाणे एकेक वेचून कोंबड्यांना पण टाकत नाही, सरळ गटारात. प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय म्हणून गल्लीत सगळ्यांचंच ठरलंय. पाण्यात टाकला तर तरंगतो, हे तिनं मला करून पण दाखवलं.

सिस्टर_निपाणी

तेच ते! भाऊ, ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून मशिनीतून परत तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि शंभर दाण्यांत एक असा मिसळतात. आतनं जरा पोकळ म्हणून तरंगतात, आणि हे सगळं मिसळलेलं म्हणून रंग वेगळा. किलोमागं किमान २८ मिलिग्रॅम लोह त्यात असतं. म्हणजे ज्या पोरीच्या अंगात रक्त नाही तिच्यासाठी आलेलं लोह आई प्रेमानं वेचून गटारात टाकतेय. आईला रागावू नका, तिला कुणी सांगितलंच नाही. एक वाटी ते दाणे वेगळे शिजवून तिच्यासमोर बोटानं चिरडून दाखवा, पीठ होतं, प्लॅस्टिक होत नाही. तो तांदूळ फार चोळून तीन-तीन पाण्यानं धुवू नका आणि भाताची पेज काढून ओतू नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

गिरणवाला_शहापूर

हे मला पण माहीत नव्हतं. गिरणीत येणाऱ्यांना उद्यापासून सांगतो. ताई, एक शंका, हा वायू आपण श्वासात घेतोय त्यानं पण काही होतं काय थेट? आणि जास्त झिंकवालं भाताचं बी असतं म्हणे, ते खरं काय?

कृषीवाली_धारवाड

अण्णा, ४२० पीपीएम श्वासात घेऊन थेट काही होत नाही. दारं-खिडक्या लावून चौघं एका खोलीत झोपलात तर सकाळपर्यंत आतली हवा हजाराच्या पुढं सहज जाते, डोकं जड होतं, खिडकी उघडली की संपलं. उघड्यावरचा वाढलेला वायू आपल्याला गाठतो तो ऊन, पाऊस, पराग आणि ताट यांच्या वाटेनं.

बी खरं आहे. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं काढलेली डीआरआर धान ४५ ही जात २०१६ ला आली, पॉलिश करूनही किलोला २२ मिलिग्रॅमच्या वर झिंक राहतं. कटकची सीआर धान ३१० ही प्रथिनं जास्त असलेली. पण आपल्या बळ्ळारी नाल्याकडच्या चिकट काळ्या मातीत, आपल्या पावसात ती कशी येईल हे एका कोपऱ्यात लावून बघितल्याशिवाय पूर्ण रानात घालू नका. मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा रयत संपर्क केंद्रात विचारता येईल. माती तपासून झिंक कमी निघालं तर लावणीच्या वेळी झिंक सल्फेट टाकणं हा त्याहून सोपा मार्ग, त्यानं पीकही सुधारतं.

येळ्ळूर_शिवार

सगळ्यांचे आभार कसे मानू कळेना. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्यानं वाचलं. बाबा आमटीत पाणी म्हटल्यावर हसले नाहीत, गप्प झाले, मग म्हणाले मला वाटायचं पोती भरली की झालं. ते दाणे आईनं स्वतः शिजवले, चिरडले, आणि बोटाला लागलेलं पीठ बघत बराच वेळ बसली. मग बहिणीच्या ताटात पहिल्यांदा त्या तांदळाचा भात वाढला आणि बाजूला मसुराची घट्ट आमटी, पाणी न घालता.

गवत मी रविवारी काढतोय, मोजे आणलेत. आईला पुढच्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडं नेतोय. बाबांनी यंदा मसुराची एक पिशवी न विकता घरात ठेवायची असं ठरवलंय आणि जांबोटीच्या मामांना विचार म्हणाले, नाचणा विकत मिळेल काय, आमच्या चिबड, पाणी धरून ठेवणाऱ्या रानात तो यायचा नाही.

जांबोटी_मळेकरी

मिळेल काय म्हणून काय विचारतोस गा. मागच्या सालचा आहे कणगीत, नाचण्याला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं राहतो. पोरीसाठी दोन पायली बाजूला काढलाय, त्याचे पैसे घेणार नाही, बाळंतिणीचं आहे ते. नातू सोमवारी बेळगावला कॉलेजला येतोय, स्टँडवर थांब सकाळी नऊला, त्याच्याजवळ देतो. आईला सांग एक रात्र भिजव, फडक्यात बांधून मोड आण, सावलीत वाळव, मग दळ. जात्यावर दळलास तर आणखी चांगलं.